भरवशाचा गोलंदाज

देवनहळ्ळीच्या किल्ल्याचे नाव इतिहासात राहिले ते मुख्यत्वे १७४९ सालच्या वेढ्यामुळे. म्हैसूरच्या फौजेने त्या वर्षी या किल्ल्याभोवती मोर्चे लावले, तेव्हा त्या फौजेत हैदर अली नावाचा एक स्वयंसेवक शिलेदार होता. थोरला भाऊ शहाबाज म्हैसूरच्या चाकरीत अधिकारी, पण हैदरला स्वतःचा असा हुद्दा नव्हता. वेढ्यात त्याचे धाडस आणि प्रसंगावधान नंजराजाच्या नजरेत भरले. किल्ला हाती येताच त्याला पन्नास घोडेस्वार आणि दोनशे प्यादे यांची सरदारी मिळाली, शिवाय याच किल्ल्याच्या एका दरवाज्याचा पहारा मिळाला, असे विल्क्स आपल्या म्हैसूरच्या इतिहासात सांगतो. पुढच्याच वर्षी या गावी टिपूचा जन्म झाला, आणि १७६१ साली हैदर म्हैसूरचा प्रत्यक्ष धनी होऊन बसला.

२००८ साली या गावच्या शेजारी विमानतळ सुरू झाला आणि आमच्यासारखी मराठी मंडळी बदलीच्या हुकुमाने इकडे येऊ लागली. सुटीच्या दिवशी किल्ल्याच्या तटावरून फिरताना आमचे लक्ष टिपूच्या जन्मस्थानापेक्षा त्या न ओळखता येणाऱ्या दरवाज्याकडे अधिक जाते. नोकरदार माणसाची दृष्टीच तशी. कोणाला केव्हा काय मिळाले आणि ते मिळायला किती दिवस लागले, हा हिशेब त्याच्या मनात नकळत चालू असतो. जुन्या कचेऱ्यांत बिनपगारी काम शिकणाऱ्यास ‘उमेदवार’ म्हणत. उमेदवारी संपली की कारकुनी, मग हळूहळू साहेबांचा भरवसा, आणि भरवसा बसला की हुद्दा, अशी ती पायरीपायरीची वाट होती. हैदरने ती एका वेढ्यात चढून दाखविली. पण गुण आहे, भरवसाही आहे, आणि हुद्दा मात्र येत नाही, अशीही माणसे असतात. अशा एका मराठी माणसाची हकिकत आम्हांस येथे सांगावयाची आहे. तो लढवय्या नव्हता. क्रिकेटचा चेंडू टाकणे हे त्याचे काम. त्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळूचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. म्हणजे तोही कन्नड मुलखातच जन्मलेला मराठी माणूस. कुटुंब मूळचे कोकणातले, जातीने चर्मकार. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले, आणि छावणीतल्या गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम खेळू लागले. शिक्षण बेताचे, घरात चार पैसे यावेत म्हणून बाळूला लवकरच कामाला लागावे लागले. पहिली नोकरी पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मिळाली. खेळपट्टी झाडावी, तिच्यावरून रोलर फिरवावा, आणि सभासदांची इच्छा झाली तर त्यांना चार चेंडू टाकावेत. पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात गेला आणि तेथे एक रुपयाची बढती होऊन चार रुपये झाले. तेथेही काम तेच. खेळपट्टी तयार करणे, सरावाची जाळी उभारणे, टेनिसच्या रेघा मारणे.

सांगितले जाते की ट्रॉस नावाच्या एका गोऱ्या सभासदाने त्याला जाळ्यात नियमाने गोलंदाजी करावयास लाविले. पुढे जे. जी. ग्रेग या अधिकाऱ्याने ते मनावर घेतले. ग्रेग हा त्या काळी हिंदुस्थानातल्या गोऱ्या फलंदाजांत अव्वल दर्जाचा. ठेंगणा, पण पायांचा विलक्षण चपळ. तो इतरांच्या आधी तासभर मैदानावर येई आणि बाळूला गोलंदाजीस उभे करी. आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे, असा त्याने करार केला होता म्हणतात. महिना चार रुपये पगाराच्या माणसाला आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांची मजुरी. आठ वेळा साहेबांची यष्टी उडवावी आणि महिन्याचा पगार वर काढावा! शिष्यवृत्तीची याहून नेमकी योजना आम्हांस तरी ठाऊक नाही.

त्या वर्षांत बाळूने गोऱ्या साहेबांना किती चेंडू टाकले असतील याचा अदमास करता येत नाही. पण त्यांपैकी एकानेही त्याच्या हाती बॅट दिली नाही. फलंदाजी हे साहेबांचे काम. गोलंदाजी हे राबणाऱ्याचे. इंग्लंडातही खेळ असाच विभागलेला होता. बॅट जमीनदारांच्या मुलांनी धरावी आणि दिवसभर चेंडू खाण कामगाराच्या किंवा विणकराच्या मुलाने टाकावा, ही तेथली जुनी वाटणी. हिंदुस्थानात त्या वाटणीवर जातीचे आणखी एक पुट चढले एवढेच.

त्याच्या गोलंदाजीविषयी थोडे सांगावयास हवे. बाळू डावखुरा, मंदगती फिरकी टाकणारा. चेंडू दोन्ही बाजूंना वळविण्याची त्याची हातोटी, चेंडूला उंची देऊन फलंदाजाला पुढे ओढण्याचे कसब, आणि हात तोच ठेवून वेगात केलेला बारीकसा बदल, या गोष्टी त्याच्याविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी नोंदविल्या आहेत. इंग्लंडात तेव्हा विल्फ्रेड ऱ्होड्स हा या जातीच्या गोलंदाजीचा मुकुटमणी होता, आणि बाळूला हिंदुस्थानचा ऱ्होड्स म्हणत. मंदगती गोलंदाजाचे मर्म एका चेंडूत नसते. वेगवान गोलंदाज एका झंझावाती षटकात कीर्ती मिळवून जातो. मंदगती गोलंदाजाला मात्र टप्पा तोच ठेवून षटकामागून षटक टाकीत राहावे लागते आणि समोरच्याची चूक होईपर्यंत स्वतः चुकून चालत नाही. आमचे असे मत आहे की ही शिस्त बाळूला जाळ्यात जशी मिळाली तशीच रोलर ओढतानाही मिळाली असावी. खेळपट्टी कोठे ओली राहते, कोठे भेगाळते, उन्हाने कोणती बाजू आधी कोरडी पडते, हे तीन रुपयांच्या नोकराला जितके कळते तितके खुर्चीत बसणाऱ्या सभासदाला कळत नाही.

पुण्याच्या हिंदूंच्या क्लबाने जेव्हा युरोपियनांशी सामना खेळावयाचे ठरविले, तेव्हा बाळूला घ्यावे की नाही यावर वाद झाला. क्लबातल्या काही तेलुगू सभासदांचा आग्रह त्याला घ्या असा. पुणेरी ब्राह्मण सभासदांना ते रुचेना. बाळूला न घेतल्यास हिंदू स्वतःचेच नुकसान करून घेतील, असे ग्रेगने जाहीरपणे म्हटल्याचे सांगतात. ग्रेगचा त्यात हेतू उदार होता की आपल्याला बाद करणाऱ्याशी खऱ्या सामन्यात एकदा गाठ पडावी ही खेळाडूची खुमखुमी होती, ते सांगणे कठीण. शेवटी बाळूला घेतले. घेतले म्हणजे कोठवर घेतले, हे पाहण्यासारखे आहे. मैदानात चेंडू एकच, तो साऱ्यांच्या हातून फिरे आणि कोणाला विटाळ होत नसे. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू तंबूत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूला तंबूबाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यातून चहा मिळे. तोंड धुवावयाचे तर त्याच्याच वर्गातला एखादा नोकर मैदानाच्या कोपऱ्यात पाणी घेऊन येई. जेवण निराळ्या पानावर, निराळ्या जागी. आणि मग पुन्हा खेळ सुरू झाला की त्याच्याच हाती चेंडू.

त्याच सुमाराची साताऱ्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. तेथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याला बाळूची कीर्ती आधीच कळली होती. त्याची फिरकी बोथट व्हावी म्हणून त्यांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून ती टणक करून ठेवली. ज्या माणसाने वर्षानुवर्षे रोलर ओढला त्याच्यावर रोलरचाच प्रयोग! बाळूने सात गडी बाद केले आणि हिंदूंनी सामना सहज जिंकला. पुण्यास परतल्यावर झालेल्या समारंभात न्यायमूर्ती रानड्यांनी त्याला हार घातला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास काय हरकत आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार तेव्हाचे म्हणून सांगितले जातात. टिळकांनीही एका सभेत त्याचा गौरव केला. रानडे आणि टिळक यांचे ज्या थोड्या गोष्टींवर एकमत झाले त्यांत बाळूची गोलंदाजी मोडते, ही गोष्ट आम्हांस विनोदाची वाटते आणि थोडी अभिमानाचीही.

१८९६-९७च्या प्लेगात पुणे ओस पडू लागले, तेव्हा बाळू मुंबईस गेला. काही दिवस लष्करात काढून पुढे तो बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत लागला. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही प्रथम कुरकुर झाली. पण जिंकावयाचे तर हा हवा, हे तेथेही लवकरच उमगले. फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदू आणि युरोपियन यांचा सामना मुंबईस झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा. युरोपियनांच्या पहिल्या डावात १९१. दुसऱ्या डावात एराशा आणि बाळू यांच्यापुढे साहेबांची दाणादाण उडून त्यांचा डाव १०२ धावांत आटोपला, आणि हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. रशियावर जपानने मिळविलेला जय लोकांच्या मनात ताजा होता. मुंबईच्या मैदानावरचा हा जय त्याच मालिकेतला म्हणून गाजला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने त्यात आणखी एक गोष्ट पाहिली. राष्ट्राचे हित असेल तेथे जातीची अडसर बाजूस सारता येते, हे या खेळाडूंनी दाखविले, असा त्याच्या लिहिण्याचा रोख होता. तोपर्यंत बाळूचे ताट खरोखरच आत आले होते. मुंबईच्या जिमखान्यात तो इतरांबरोबर जेवू लागला होता.

बाळूची उमेदवारी येथे संपली. आता तो संघाचा भरवसा होता. पुढची पंधरा वर्षे हिंदूंचा सामना असला की बाळूच्या हाती चेंडू जाणार हे गृहीतच असे.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा जो खेळ आहे, त्यात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि सामन्याची सुरुवात ज्याच्याकडून करावयाची त्याला विशेष मान असतो. होतकरू पोर म्हणून उचलावे, लहान गावांच्या संघांतून वर्षानुवर्षे घासून घ्यावे, आणि मग चार-पाच दिवसांनी एकदा नेमाने मैदानावर उभा राहणारा भरवशाचा माणूस त्यातून तयार व्हावा, अशी तेथली रीत. पण सॅचेल पेज हा त्या खेळातला असामान्य पिचर काळ्या वर्णाचा असल्यामुळे दोन तपांच्या जवळपास निग्रोंच्या निराळ्या संघांतूनच खेळला. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनसाठी गोऱ्यांच्या संघाचे दार उघडले, आणि १९४८च्या जुलैत पेजला क्लीव्हलंडच्या संघाने घेतले तेव्हा त्याला बेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. त्या उरलेल्या हंगामात त्याच्या नावावर सहा जय आणि एकच पराजय लागला. पेजला मैदानच मिळाले नाही. बाळूला मैदान विशीतच मिळाले, पंगत तिशीच्या सुमारास मिळाली. त्यापुढचे मात्र काही मिळेना.

१९११ साली अखिल हिंदी संघ इंग्लंडास गेला. पतियाळाचे महाराज कप्तान. संघात पारशी, हिंदू आणि मुसलमान खेळाडू मोजून मापून घेतलेले. पालवणकर बंधूंपैकी बाळू आणि शिवराम दोघेही होते, आणि म्हैसूर संस्थानातून बी. जयराम होते, हे येथल्या वाचकांना ऐकून बरे वाटेल. महाराज काही सामन्यांनंतर पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या समारंभात आणि मेजवान्यांत रमले, आणि संघ एकामागून एक सामने हरू लागला. प्रथम दर्जाच्या चौदा सामन्यांपैकी दहा गमावले, दोन जिंकले, दोन अनिर्णित राहिले. अशा हरत्या संघातून खेळणे ही गोलंदाजाची खरी परीक्षा. विश्रांती देणारा दुसरा कोणी नाही, झेल सुटताहेत, आपल्या फलंदाजांनी केलेल्या धावा बचाव करण्याइतक्याही नाहीत. त्या दौऱ्यात बाळूने सगळे सामने धरून ११४ बळी घेतले. त्यांतले ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांत, प्रत्येकी सुमारे वीस धावांच्या सरासरीने. केंब्रिज विद्यापीठाचे एका डावात आठ गडी त्याने १०३ धावांत टिपले. लीस्टरशायरवर मिळालेला जय त्याच्या अकरा बळींमुळे मिळाला. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने नाबाद शतक ठोकले आणि संघ एका गड्याने तरला. म्हणजे जे दोन सामने जिंकले त्या दोहोंवर एकाच घराचा शिक्का आहे. वय पस्तीस, परका देश, थंडी आणि ओल्या खेळपट्ट्या. त्याचे हे काम आम्हांस कोणत्याही एका विजयापेक्षा मोठे वाटते.

परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य मानलेल्या समाजाने त्याचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र भीमराव आंबेडकर या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने तयार केले होते, असे सांगितले जाते. त्या समाजाला तेव्हा सगळ्या हिंदुस्थानाने नावाजलेला असा दुसरा पुरुष नव्हता.

आणि तरीही कप्तानपद आले नाही. १९१२पासून मुसलमानांचाही संघ येऊन मुंबईचे सामने चौरंगी झाले. वर्षामागून वर्ष हिंदूंचा कप्तान निवडला जाई, आणि दर वेळी तो दुसराच कोणी असे. कारण कोणी उघड बोलत नसे, पण ते सर्वांना ठाऊक होते. १९१३ साली कप्तान नेमलेल्या एम. डी. पै यांनी आपल्या सत्कारातच सांगितले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून आपले मित्र बाळू यांना मिळावयास हवा होता. पै यांचा सरळपणा आम्हांस फार आवडतो. परंतु निवड करणाऱ्यांनी ते ऐकले आणि पुढच्या खेपेस पुन्हा तेच केले. चेंडू हाती देताना ज्याची जात आठवत नसे, त्याला क्षेत्ररक्षण लावण्याचा अधिकार देताना मात्र ती आठवे. अकरा जणांनी त्याचा हुकूम ऐकावा, एवढीच तर गोष्ट होती.

१९२० साली कडेलोट झाला. बाळू चव्वेचाळीस वर्षांचा. पै आजारी असल्यामुळे मुसलमानांविरुद्धच्या सामन्यास कप्तान दुसरा नेमावयाचा होता. तो मान बाळूला तर नाहीच, उलट त्याला संघातूनच वगळले; आणि त्याचे भाऊ शिवराम व विठ्ठल यांचाही ज्येष्ठतेनुसार विचार झाला नाही. दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि वर्तमानपत्रांतून आपली बाजू मांडली. आमच्या जातीमुळे आमचा हा अपमान झाला, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. लोकमत त्यांच्या बाजूने गेले. पुढच्या, पारशांविरुद्धच्या सामन्यात भाऊ परत आले, बाळूला उपकप्तान केले, आणि पै यांनी मध्येच मैदान सोडून बाळूच्या हाती संघ दिला. जिमखान्याने जे दिले नाही ते एका मित्राने मैदानाबाहेर जाऊन काही वेळापुरते दिले. बाळूच्या वाट्याला हिंदू संघाचे नेतृत्व आले ते तेवढेच. तेव्हा त्याचा खेळ जवळजवळ संपला होता. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१ धावा.

तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर कप्तान झाला आणि हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. लोकांनी त्याला खांद्यावर उचलून घेतले. त्या खांद्यांत उच्चवर्णीयांचे खांदेही होते. विठ्ठल उत्तम फलंदाज होता यात संशय नाही, पण त्याची वाट मोठ्या भावाने रोलर फिरवून सपाट केली होती.

बाळूचे पुढचे आयुष्य राजकारणाकडे वळले. १९३२च्या पुणे करारावर त्याची सही आहे. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ नकोत, असे म्हणणाऱ्या एम. सी. राजा यांच्या पक्षाकडे त्याचा कल होता. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्याला उभे केले, आणि समोर होते डॉ. आंबेडकर. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याचे मानपत्र लिहिले त्याच्याविरुद्धच ही लढत. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूला ११,२२५. मतांतले अंतर थोडे होते. विचारांतले फार मोठे. आपल्याला मान दिला तो सवर्ण समाजातल्या सज्जनांनी, ग्रेगने, रानड्यांनी, पैंनी, ही बाळूची आयुष्यभराची जमापुंजी होती, आणि तो तिच्यावर विसंबून राहिला. असल्या सज्जनांची वाट पाहण्यात जन्म जातो, हे आंबेडकरांनी त्याच आयुष्याकडे पाहून ठरविले असेल काय? आम्हांस तसे वाटते, पण पुरावा नाही. ती निवडणूक वाचताना आम्हांस दोघांपैकी कोणाचीही बाजू हलकी वाटत नाही.

विठ्ठलने १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ या नावाने मराठीत आत्मकथन लिहिले. या घराच्या पुष्कळशा आठवणी त्यामुळे उरल्या. बाळूने स्वतः काही लिहून ठेविले नाही. १९५५च्या जुलैत मुंबईस त्याचे निधन झाले.